खारीतले शेत मातीत कसे ओळखावे: ठाणे खाडीकाठच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४ : प्रश्न आणि जागा

मध्ययुगात उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या ताम्रपटांत (दानाची नोंद कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांत) शेते आहेत, त्यांच्या चतुःसीमा आहेत, दान घेणाऱ्याचे नाव-गोत्र आहे. भांडुपला सापडलेल्या शक ९४८ च्या (इ.स. १०२६) ताम्रपटात शिलाहार राजा छित्तराजाने षट्षष्टी विषयातल्या, म्हणजे आजच्या साष्टीतल्या, नौर गावचे शेत दान दिले आहे. पण ते शेत खारीतले की माळावरचे, गोड्या पाण्याचे की बांध घालून खाडीकडून मिळवलेले, याचा उलगडा पत्र्यावरून होत नाही. तो मातीतूनच व्हायला हवा.

म्हणून प्रकल्पाचा प्रश्न एवढाच: खारबंदिस्ती करून (खाडीचे पाणी बांधाने अडवून) भात लावलेली जमीन काही शतकांनी थरात ओळखू येते का, आणि येत असेल तर कशावरून? जुन्या थरात हात घालण्याआधी ही ओळख आजच्या शेतावर तपासून घ्यायची. या हंगामात उत्खनन नाही. त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि या टप्प्यावर त्याची गरजही नाही. गिरमिटाच्या भोकांसाठी जमीनमालकांची लेखी संमती घेतली. खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा कामातून पूर्ण वगळला.

चार जागा ठरल्या. ख-१ : दिवा-शीळ पट्ट्यातले चालू खार शेत, बाहेरचा बांध शाबूत. ख-२ : त्याच खारीतला, बांधाला खांड पडल्यापासून पडीक असलेला तुकडा, आता मोरस आणि खारे गवत, तिवर (खारफुटीचे झाड) अजून आलेले नाही. र-१ : गावठाणाला लागून उंचावरचा राबाचा तुकडा, म्हणजे भाताची रोपे वाढवण्यासाठी शेण-पाला जाळून भाजतात ती जागा. भ-१ : घणसोलीकडे इमारतीच्या पायासाठी खोदलेला खड्डा, मुरुमाच्या भरावाखाली मूळ खाडीचा चिखल. हा चौथा महत्त्वाचा, कारण जिथे कधीच शेत नव्हते अशा चिखलाचा नमुना हाताशी नसेल तर बाकी तिघांची तुलना कशाशी करणार?

१७ जानेवारी : जुने उपग्रहचित्र जागेवर बसवणे

नवी मुंबईच्या भूसंपादनापूर्वीचा भूभाग पाहायला अमेरिकेच्या जुन्या 'कोरोना' हेर-उपग्रहांची चित्रे हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. अमेरिकेने ती १९९५ मध्ये खुली केली. शेवटच्या मालिकेतल्या चित्रांत सुमारे दोन मीटरची वस्तू दिसते, म्हणजे खारीचा मुख्य बांध स्पष्ट आणि आतले बारके बांध अंदाजाने. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. त्यामुळे साठच्या दशकाच्या उत्तरार्धातले चित्र हवे, आणि शक्यतो पावसाळ्यानंतरचे. उन्हाळ्यातल्या चित्रात कापलेले शेत, पडीक खार आणि मिठागर तिन्ही पांढुरकी दिसतात.

अडचण चित्राच्या जातीतच आहे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरत चित्र घेतो, त्यामुळे पट्टीच्या टोकांना ताण पडतो. पहिल्या प्रयत्नात पूर्ण पट्टी दुसऱ्या घाताच्या बहुपदीने बसवली. बांध आजच्या जागेपासून कुठे दहा, कुठे चाळीस मीटर सरकले. मग पट्टीचे साधारण तीन-तीन किलोमीटरचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळा, स्प्लाइन पद्धतीने (चित्र रबरासारखे ताणून) बसवला.

इथे एक सापळा आहे. स्प्लाइनमध्ये नियंत्रणबिंदूंवरची (चित्र आणि आजची जमीन जुळवायला वापरलेल्या ओळखीच्या बिंदूंवरची) चूक नेहमीच शून्य दिसते. आकडा पाहून खूश व्हायचे कारण नाही. दर तुकड्यात चार-पाच ओळखीचे बिंदू बसवण्यात न वापरता बाजूला ठेवावेत आणि चूक फक्त त्यांच्यावर मोजावी.

नियंत्रणबिंदू म्हणून टिकले ते: पारसिक बोगद्याची दोन्ही तोंडे (बोगदा १९१६ चा), ठाणे-कल्याण मार्गावरच्या मोऱ्या, देवळांची शिखरे, गावविहिरी, डोंगराच्या खिंडी. टिकले नाहीत ते: खाडीचा काठ, बांधांची वळणे, रस्त्यांचे फाटे. खाडीचा काठ तर वापरूच नये, चित्र भरतीचे की ओहोटीचे यावर तो शंभर मीटर इकडचा तिकडे होतो.

बसवलेल्या चित्रात मिठागर आणि भातखार वेगळे काढणे सोपे गेले. मिठागराच्या कोंड्या लहान, काटकोनी, एका मापाच्या, ओळीने. भाताची खाचरे वेडीवाकडी, आणि मुख्य बांध जुन्या खाडीच्या नळीचे वळण धरून जाणारा. सरळ बांध दिसला की तो अलीकडचा समजावा. चिखलात जुन्या हाताने सरळ रेष कुणी ओढत नाही. जिथे तळ घट्ट तिथूनच बांध जातो.

३ फेब्रुवारी : गिरमिट, ख-१ आणि ख-२

दिवस मुद्दाम वद्य अष्टमीच्या भांगेचा धरला. भांगेला भरती-ओहोटीतला फरक कमी आणि ओहोटी दुपारच्या सुमारास, त्यामुळे शेतातल्या पाण्याची पातळी खाली आणि कामाला सलग पाच-सहा तास. उधाणात हेच काम केले की दीड मीटरखाली भोक पाण्याने भरते आणि नळीतला चिखल वर येईपर्यंत निसटतो.

वापरले ते अर्धनळीचे गिरमिट, आतला व्यास ३ सेंमी, लांबी १ मीटर, जोडदांड्या दोन. सरळ दाबायचे, अर्धा वेढा द्यायचा, ओढायचे. जास्त वेढे दिले की वरचा चिखल खाली माखतो. वर आल्यावर नळीच्या तोंडाशी दिसणारा दोन-तीन मिलिमीटरचा थर सुरीने आडवा खरवडून टाकायचा; उभा खरवडला तर वरचे खाली जातेच.

खोली दांडीवरच्या खुणेवरून लिहायची, हातातल्या मातीच्या लांबीवरून नाही. मऊ चिखल नळीत दबतो. ख-१ च्या दुसऱ्या भोकात दांडी १०० सेंमी गेली आणि नळीत माती ८३ सेंमीच भरली. उरलेले १७ सेंमी हरवलेले नाहीत, दबलेले आहेत. पण पहिल्या वहीत ते 'रिकामे' म्हणून लिहिले गेले होते, ते आज दुरुस्त केले.

ख-१ चा थरक्रम, तिन्ही भोकांत थोड्याफार फरकाने:

० ते १३ सेंमी राखाडी-तपकिरी, मळल्यासारखा, मुळांच्या नळ्यांभोवती गंजाच्या रेघा. १३ ते २१ घट्ट, गिरमिट अडते, अंगठ्याने दाबला तर ठसा उठत नाही. २१ ते ६० राखाडी, नारिंगी ठिपक्यांचा. ६० च्या खाली निळसर काळा, कुजक्या अंड्याचा वास, तिवरांच्या मुळ्या, शिंपल्यांचे तुकडे.

दुसरा थर हाच आपल्या कामाचा. चिखलणी करताना वरची माती कालवली जाते आणि तिच्या खाली बैलाच्या खुरांनी, नांगराच्या तळव्याने आणि आता पॉवर टिलरच्या चाकांनी एक कडक तळ तयार होतो. तोच पाणी धरून ठेवतो. वरच्या भागात लोह विरघळते, खाली हवा मिळाली की गंज होऊन बसते. भरतीच्या चिखलात हा क्रम आपोआप होत नाही.

ख-२ मध्येही कडक तळ सापडला, पण त्यावर ९ सेंमीचा नवा, पातळ पापुद्र्यांचा गाळ. म्हणजे बांध फुटल्यावर खाडीने शेत नुसते बुडवले, खरवडले नाही. जुनी शेते शोधायची तर हे चांगले लक्षण आहे.

राजस्थानात कालीबंगा येथे हडप्पापूर्व काळातले नांगरलेले शेत मिळाले, एका दिशेला सुमारे ३० सेंमी आणि आडव्या दिशेला सुमारे १९० सेंमी अंतराच्या सऱ्या दिसणारे. कोकणात तशी अपेक्षाच धरू नये. इथे चिखलणी दरवर्षी मागची सरी पुसते. टिकतो तो तळ.

काळ्या थराचा ताजा नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडने तपासला. जोरात फसफसला आणि सामू (pH) कागदावर सरळ खाली उतरला. लोह-गंधकाचे खनिज भरपूर. हे पुढे बांधाच्या नोंदीत लागणार आहे.

नमुने क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून त्याच दिवशी फ्रिजमध्ये. दोन नमुने संध्याकाळपर्यंत गाडीत राहिले, त्यांचा काळा रंग तपकिरीकडे गेला. रंगाची नोंद जागेवरच करायला हवी ती याचसाठी.

११ फेब्रुवारी : बांध आणि उघाडी

अमावास्येनंतरचे उधाण. ख-२ लगतच्या खांडीत बांधाची कड आपोआप उघडी पडली आहे. ती ४० सेंमी रुंद तासून घेतली. नवे खोदकाम नाही.

तासलेल्या कडेत खालून वर: मूळ जमिनीचा काळपट पृष्ठभाग, त्यावर दबलेल्या पेंढ्याचा जेमतेम बोटभर थर, त्यावर निळसर चिखलाच्या ढेकळांची रास, ढेकळांच्या फटींत पिवळी पूड, खाडीच्या बाजूला दगडांची पिचिंग. बांधाचा चिखल लगतच्या खाचेतून काढतात. खाच खोल जाते तसा जुना चिखल बाहेर येतो आणि बांधाच्या माथ्यावर बसतो. म्हणजे बांधाच्या पोटात काळाचा क्रम उलटा असतो: खाली तरुण, वर म्हातारा. बांधाच्या मातीतला कोळसा किंवा शिंपला काढून कार्बन-कालमापनाला पाठवला तर बांध आहे त्याहून कितीतरी जुना ठरेल. शिंपल्यात वर आणखी एक घोटाळा, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो.

कालमापनासाठी योग्य जागा दोनच: बांधाखाली गाडला गेलेला पृष्ठभाग, आणि तो पेंढा. पेंढा एका हंगामाचा असतो, लाकडासारखा शंभर वर्षे उभा नसतो. पुढे कधी जुना बांध मिळाला तर नमुना तिथूनच घ्यायचा. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले.

पिवळ्या पुडीचे कारण ३ फेब्रुवारीच्या पेरॉक्साइडच्या चाचणीत आहे. काळ्या चिखलातले गंधक हवेला उघडे पडले की आम्ल तयार होते. ते शिंपले विरघळवते, शेणातले चुन्याचे सूक्ष्म गोलकही. तेव्हा बांधाच्या मातीत शिंपले नाहीत म्हणून ती खाडीची नाही, असा निष्कर्ष काढू नये.

उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) दुपारच्या भरतीत पाहणी. लाकडी झडप वरच्या आडव्या दांड्याला टांगलेली. भरतीचे पाणी तिला बाहेरून दाबून बंद करते, ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब ती उघडतो. एवढी साधी रचना, पण बिघडायच्या जागा ठरलेल्या: उंबऱ्यावर गाळ साचला की झडप दोन बोटे उघडी राहते, आणि प्लास्टिकची एक पिशवी तेवढेच काम करते. दोन बोटांच्या फटीतून एका उधाणात शिरलेले खारे पाणी एका खाचराचे आवण (भाताची रोपे) घालवायला पुरते. खांडी मात्र बहुतेक उघाडीपाशी पडत नाहीत. त्या खेकड्यांच्या बिळांपासून सुरू होतात.

जाता जाता: नवी मुंबईच्या नोडांत पावसाचे पाणी साठवायला जे धारण तलाव आणि खाडीकडे उघडणारी झडपदारे आहेत, ती डच धर्तीची म्हणून सांगितली जातात. तत्त्व उघाडीचेच आहे. गाळाची तक्रारही तीच.

२४ फेब्रुवारी : भ-१

इमारतीच्या खड्ड्यात कंत्राटदाराच्या परवानगीने दोन तास. वर २.१ मीटर मुरूम आणि राडारोडा, खाली खाडीचा चिखल. कोरोना चित्रात इथे उघडा चिखलपट्टा आहे, बांध नाही. कडक तळ नाही, गंजाच्या रेघा फक्त वरच्या चार-पाच सेंमीत. २० लिटरचे दोन नमुने घेतले. पंप सुरू असल्याने कड सारखी ढासळत होती. छायाचित्रांत मापपट्टी वाकडी आली आहे.

१० मार्च : फ्लोटेशन, पहिली फेरी

फ्लोटेशन म्हणजे माती पाण्यात कालवून तरंगणारा कोळसा आणि जळके दाणे वेगळे काढणे. २०० लिटरचे पत्र्याचे पिंप, वरच्या कडेला तोटी, तोटीखाली ०.२५ मिमीची जाळी, आत १ मिमीच्या जाळीची टोपली. मापाची बादली १० लिटरची. प्रत्येक नमुना २० ते ४० लिटर आणि तो लिटरातच लिहायचा, घमेल्यात नाही.

खारीची माती सुटता सुटत नाही. कोरडी झाली की वीट, ओली असली की लोणी. रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली तर ढेकळे फुटतात, हाताने चुरायची वेळ येत नाही. हाताने चुरले की कोळसाही चुरतो. पाणी गोडेच हवे. पहिल्या दोन नमुन्यांना शेताजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी वापरले, तर माती पुन्हा पुन्हा गोळा होऊन तळाशी बसली. मीठ चिकणमातीचे कण एकत्र आणते. मग टँकर मागवला. एका नमुन्याला सुमारे तीन पिंपे पाणी गेले. अंदाजपत्रकात पाणी धरलेलेच नव्हते.

तरंगून आलेला भाग मलमलीच्या कापडात बांधून सावलीत टांगला. उन्हात वाळवला की कोळसा तडकतो आणि दाण्याचे चार तुकडे चार वेगळे दाणे म्हणून मोजले जातात.

पद्धत तपासायला प्रत्येक फेरीत एका नमुन्यात भाजून काळी केलेली खसखस, मोजून १०० दाणे, मिसळली. परत मिळाले ५८.

१३ मार्च : खसखस कुठे गेली

तोटी आणि जाळी यांच्यामधल्या सांध्यात फट. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. शिवाय पाण्याचा झोत कमी केला. जोर जास्त असला की बारीक दाणे तरंगायच्या आधीच जड गाळात ओढले जातात. दुसऱ्या फेरीत १०० पैकी ९१. पहिल्या फेरीचे आकडे तुलनेतून बाद.

नमुन्यांत जे मिळाले त्याने कुणाला धक्का बसला नाही, पण लिहून ठेवण्यासारखे आहे. ख-१ च्या ८० लिटर मातीत जळालेला भाताचा दाणा एकही नाही. वर्षानुवर्षे भात पिकणारे शेत, आणि भाताचा पुरावा नाही! शेतात भात जळत नाही. जळतो तो चुलीशी, कणगीला आग लागली तर, किंवा कोंडा शेकोटीत टाकला तर. त्यामुळे वस्तीच्या उत्खननात मिळालेला काळा भात शेताविषयी फारसे बोलत नाही, स्वयंपाकघराविषयी बोलतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातले जव आणि इथला भात यांची तुलना करताना हेही धरावे लागेल की घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या मातीत कोळसा टिकतो; खारीत ओल-वाळीचे आणि मिठाचे स्फटिक बनण्याचे चक्र त्याला दरवर्षी फोडते.

५ एप्रिल : बुडखे

भाताचा दाणा रानटी की लागवडीचा हे दाण्याच्या आकारावरून ठरवू नये. जळताना तो फुगतो, आखडतो. पाहायचा तो बुडखा, म्हणजे साळ जिथे देठाला जोडलेली असते तो मिलिमीटरभर भाग. रानटी भात पिकला की आपोआप गळतो, त्याचा बुडखा गोल आणि गुळगुळीत. लागवडीचा झोडावा लागतो, त्याचा तुटलेला, खोलगट, कडा ओरबाडलेल्या. हिरवा कापलेला असेल तर मधून दांडी बाहेर आलेली. चीनमधल्या तियानलुओशान येथे याच मोजणीवरून लागवडीच्या बुडख्यांचे प्रमाण सुमारे तीनशे वर्षांत २७ वरून ३९ टक्क्यांवर गेल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले.

आपल्याला इथली तुलना हवी. रानटीसाठी देवभात, तळ्यांच्या कडेचे, ज्याची ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खात नाहीत म्हणून आठवण होते तेच. लागवडीसाठी पनवेल-३ (खारीसाठी काढलेले वाण) आणि वाडा कोलम. तिन्ही वाळूखाली गाडून मफल भट्टीत २५० अंशांवर, दोन, चार आणि सहा तास. चार तासांना सगळ्यात चांगले: काळे, पण बुडख्याची कड शाबूत. ३५० ला चढवलेल्या वेळी दाणे लाह्यांसारखे फुटले.

देवभाताचे गेल्या हंगामातले बी कमी पडले. बरेच दाणे गोळा करण्याआधीच पाण्यात गळून गेले होते. रानटीपणाचा पुरावाच नमुना घेऊन गेला म्हणायचा.

दुसरी गोष्ट: बुडखे झोडणीच्या खळ्यावर फारसे सापडले नाहीत, उखळाभोवतीच्या कोंड्यात सापडले. ते सुटतात भात उखळात कांडताना. म्हणजे उत्खननात बुडख्यांचा ढीग मिळाला तर तिथे खळे होते असे नाही, तिथे भात कांडला गेला.

२१ एप्रिल : राब, र-१

या हंगामातले सगळ्यात उपयोगी काम हेच ठरणार असे दिसते.

राब भाजण्याआधी १ मीटर बाय १ मीटरच्या चौकटीतून वरची ५ सेंमी माती घेतली. मग मालकाच्या नेहमीच्या पद्धतीने थर: खाली वाळल्या शेणाचा चुरा, त्यावर आइनाच्या पाल्याच्या डहाळ्या, त्यावर गवत आणि पेंढा, सगळ्यात वर बोटभर बारीक माती भुरभुरलेली. माती घालतात ती आग धुमसत राहावी म्हणून. भडकली तर राख वाऱ्याबरोबर जाते. संध्याकाळी वारा पडल्यावर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवला. रात्रभर धुमसून सकाळी विझला.

सकाळी त्याच चौकटीशेजारून नमुने. भाजून तांबूस झालेली माती सव्वा ते अडीच सेंमी खोल, एकसारखी नाही. फांदी जाड तिथे जास्त. कोळसा भरपूर, पण बारीक: डहाळीचा, पानाच्या शिरांचा. जाड लाकडाचा जवळजवळ नाही. शेणामुळे गवताच्या बियाही जळून आल्या.

राबाचा तुकडा शेताच्या साधारण दहावा असतो (हेक्टरी १० गुंठे हे आजही शिफारशीचे प्रमाण) आणि वर्षानुवर्षे तोच तुकडा. म्हणजे कोकणात शेतजमिनीच्या एका कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळपोळीचा थर साचतो आणि त्याचा वस्तीशी संबंध नसतो. गिरमिट नेमके तिथे लागले तर थर वाचणारा 'चूल' लिहील, किंवा 'जंगलतोड' लिहील. तळ्याच्या गाळातल्या कोळशाच्या वाढीलाही हाच नियम लावायला हवा.

चूल आणि राब वेगळे काढायच्या खुणा, सध्या चार: राबात जाड कोळसा नाही, हाडे-खापरे नाहीत, तांबूस माती पातळ पण विस्तीर्ण, आणि शेणातले चुन्याचे गोलक पानांच्या फायटोलिथांबरोबर (पेशींतल्या सिलिकाच्या ठशांबरोबर) मिसळलेले. शेवटची खूण आम्ल जमिनीत टिकणार नाही, तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

१४ मे : फायटोलिथ

गवतवर्गीय झाडे पेशींमध्ये सिलिका साठवतात. पान कुजले तरी पेशीचा काचेसारखा ठसा मातीत राहतो. भाताचे दोन ठसे कामाचे: पानातला पंख्याच्या आकाराचा, कडेला खवल्यांसारख्या खाचा असलेला, आणि तुसावरचा दोन शिंगांचा. आम्लाने हे जात नाहीत, म्हणून खारीत इतर काही उरले नाही तरी हे उरतात.

क्रम: ८०० मिलिग्रॅम माती, हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढणे, धुणे, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून ८ सेंमी उंचीच्या पाण्यात सुमारे सव्वा तास बसू देणे, वरचे गढूळ पाणी ओतून टाकणे, पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा, वाळवून ५०० अंशांवर दोन तास, मग २.३ घनतेच्या पॉलिटंगस्टेट द्रावणात फिरवून तरंगलेले काढणे.

दोन चुका झाल्या. पहिल्या तुकडीत मीठ नीट धुतले नव्हते. सोडियम सिलिकाचा वितळणबिंदू खाली आणतो; काही ठशांच्या कडा गोलसर झालेल्या दिसल्या, त्या मोजणीत धरल्या नाहीत. आता आधी तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मगच भट्टी. दुसरी चूक पैशाची: पॉलिटंगस्टेट धुताना एकदा नळाचे पाणी वापरले गेले, त्यातल्या कॅल्शियमने पांढरा साका धरला. द्रावण महाग आहे, गाळून आटवून पुन्हा वापरतात. ती बाटली गेली.

प्रत्येक काचेवर किमान ३०० ठसे मोजले. ख-१ मध्ये भाताचे पंखे भरपूर, हे धरलेलेच होते. पण भ-१ मध्येही मिळाले, थोडे पण नक्की. जिथे कधी शेत नव्हते तिथे. उल्हास आणि तिचे ओढे वरच्या शेतांची माती खाडीत आणतात आणि भरती ती पसरवते. म्हणजे नुसते 'भाताचे फायटोलिथ मिळाले' हे वाक्य खाडीकाठी निरर्थक आहे.

प्रमाण पाहिल्यावर फरक दिसतो. भ-१ मध्ये स्पंजाच्या काट्या आणि खाऱ्या पाण्यातले डायटम (सूक्ष्म शैवाल) यांची गर्दी, त्यात भात तुरळक. ख-१ च्या वरच्या १३ सेंमीत उलट. कडक तळाच्या खाली, ३० सेंमीला, ख-१ भ-१ सारखाच होतो. उलटापालट तळाच्या रेषेवर होते, आणि ख-२ च्या नव्या गाळात पुन्हा उलटते. तेव्हा शोधायचे ते एका खोलीवर बसलेले तीन बदल: कडक तळ, खाऱ्याचे गोडे, आणि भाताचे प्रमाण. तिन्ही एकत्र असतील तरच 'खार शेत' लिहायचे. दोनच असतील तर 'शक्य'.

२८ मे : कागद आणि दगड

गधेगाळांची यादी नकाशावर टाकली, आणि लगेच बाजूला ठेवली. दानाचा भंग करणाऱ्याला शाप देणारे हे दगड शेताच्या सीमेवर उभे केले असतील, पण आज ते देवळाच्या पारावर, शाळेच्या कुंपणाशी, नाक्यावर शेंदूर लावून आहेत. दगडाची जागा म्हणजे शेताची जागा धरता येत नाही. तो कुठल्या गावाच्या परिसरातला एवढेच घ्यावे.

ताम्रपटांतल्या चतुःसीमा जास्त कामाच्या. वा. वि. मिराशींच्या १९७७ च्या शिलाहार लेखसंग्रहातून सीमांचे उल्लेख उतरवायला घेतले: डोंगर, राजमार्ग, ओहोळ, शेजारचे गाव अशी वर्गवारी. गावनकाशांवर त्याच जोडीने 'खार' असलेली नावे: खारेगाव, खारघर, खारडी. नाव जुने की नवे हे नावावरून ठरत नाही, म्हणून त्यांना फक्त गिरमिटाच्या जागा निवडायला वापरायचे.

सातबारावर पोटखराब (लागवडीला अयोग्य) म्हणून दाखवलेले लहान तुकडे तपासावेत. त्यांतले काही जुन्या खाचा आहेत, जिथून बांधाची माती काढली गेली.

१२ जून : पहिला पाऊस

ख-१ मधून उघाडीवाटे निघणाऱ्या पाण्याची क्षारता रोज सकाळी मोजायला सुरुवात. पहिल्या सरींचे पाणी खाचरात अडवायचे, दोन दिवस ठेवायचे, ओहोटीला सोडायचे. असे काही वेळा केल्यावरच लावणी. भाताला साधारण ३ डेसिसायमन प्रति मीटर (क्षारतेचे एकक) क्षारतेपर्यंत झळ लागत नाही, पुढे प्रत्येक डेसिसायमनमागे उत्पन्न सुमारे १२ टक्के घटते. हे आकडे संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने जेमतेम भिजवलेल्या मातीच्या, अर्काचे आहेत. आपले मोजमाप एक भाग मातीला दोन भाग पाणी घालून केलेले. तीच माती त्यात कमी खारट दिसते. मागच्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात लिहिले गेले, ते वेगळे केले.

र-१ वर पेरणी झाली. भाजलेल्या थराचा नमुना आता पुन्हा घेतला: पहिल्या तीन सरींतच राखेचा पांढरा भाग गेला, तांबूस माती आणि कोळसा राहिला. दर महिन्याला, लावणीसाठी रोपे उपटल्यानंतरही, त्याच चौकटीशेजारून घ्यायचा. मुळांबरोबर किती कोळसा वर ओढला जातो हे पाहायचे आहे.

ऑक्टोबरसाठी: मलमलीच्या पिशव्या ४०, पिवळा दोरा. देवभाताच्या लोंब्या हिरव्या असतानाच बांधून टाकायच्या.